राजाचे वस्त्र आणि विणणाऱ्याचे हात



‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ ही म्हण वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडून तुम्ही अनेकदा ऐकली असेल. माणसाचे तेज एकपट आणि कपड्याचे दसपट, असा तिचा अर्थ. म्हण व्यवहारातली आहे आणि व्यवहारात ती बऱ्याच अंशी खरीही ठरते. परंतु यंदाच्या स्नेहसंमेलनाच्या तयारीत असा एक प्रसंग घडला की, या म्हणीचा आम्हांस नव्याने विचार करावा लागला.

नाट्यप्रवेशात राजदरबाराचे दृश्य होते. सुरतेहून भाड्याने आणलेली पोशाखांची पेटी उघडताच मुलांची एकच झुंबड उडाली. जरीचा अंगरखा, खोट्या मोत्यांचा तुरा, मखमलीची म्यान यांना दहा-दहा हात लागले. पेटीच्या तळाशी सेवकांसाठी ठेवलेली साधी धोतरे आणि बंड्या मात्र कोणी उचलीना. शेवटी सेवकाची भूमिका ज्याच्या वाट्यास आली तो आठवीतला विद्यार्थी आमच्यापाशी येऊन हळूच म्हणाला, “सर, आमचे पप्पा रोज बारा तास गंजीफ्रॉक घालूनच मागावर उभे असतात. स्टेजवरही मी तसलंच काही घालायचं का?”

आम्ही त्याची समजूत घातली, पाठीवर हात फिरविला आणि तालीम पुढे चालू केली. पण खरे सांगावयाचे तर त्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही दिले नाही. राजाच्या वस्त्रात असे काय असते की, ते अंगावर चढावे म्हणून सर्वांनी धडपडावे आणि दुसऱ्याचे वस्त्र अंगावर घेताना एखाद्याची मान खाली जावी? हा प्रश्न मनात घेऊन आम्ही प्राचीन काळच्या राजांची चित्रे आणि मूर्ती पुन्हा एकदा पाहावयास घेतल्या. त्यांतून आमच्या हाती जे लागले ते येथे मांडीत आहोत.

प्रारंभ ईजिप्तपासून करणे उचित होय. कारण वस्त्रांची भाषा त्या देशाइतकी काटेकोरपणे दुसऱ्या कोणी क्वचितच वापरली असेल. ईजिप्त म्हटले की तो फार दूरचा मुलूख वाटतो. सचिनकरांना मात्र तो इतका परका वाटू नये. 1791 मध्ये पेशव्यांशी झालेल्या करारानुसार जंजिऱ्यावरील आपला हक्क सोडून सिद्दी घराण्यातील एका पुरुषाने येथे राज्य स्थापले आणि 1948 मध्ये विलीन होईपर्यंत ते संस्थान टिकले, हे आपल्या गावच्या इतिहासात तुम्ही वाचले असेल. या सिद्दींचे पूर्वज हबसाणातून, म्हणजे आजच्या इथिओपियातून, आलेले. ज्या नाईल नदीच्या पुराने ईजिप्तचे शेत पिकत असे आणि राजाचा खजिना भरत असे, त्या पुराचे बहुतेक पाणी याच इथिओपियाच्या डोंगरांतून वाहत येई. तेव्हा आपल्या गावच्या जुन्या नबाबांचे मूळ आणि फॅरोंचे वैभव ही एकाच नदीने जोडलेली आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

इ. स. पूर्व 3100 च्या सुमाराची, नार्मर नावाच्या राजाची एक दगडी पाटी 1897-98 च्या उत्खननात सापडली. ती सुमारे दोन फूट उंचीची आहे. तिच्या एका बाजूस राजाच्या मस्तकी उंच पांढरा मुकुट आहे, तर दुसऱ्या बाजूस लाल मुकुट. दगडात रंग नाहीत, पण आकारांवरून मुकुट ओळखता येतात. पांढरा मुकुट दक्षिण ईजिप्तचा आणि लाल मुकुट उत्तरेकडील त्रिभुज प्रदेशाचा. दोन्ही मुकुट एकाच मस्तकी दाखवून शिल्पकाराने एक अक्षरही न लिहिता सांगून टाकले की, दोन्ही प्रदेशांचा धनी आता एकच आहे. पुढे तर दोन्ही मुकुट एकात एक बसवून जोडमुकुटच रूढ झाला. याच पाटीवर राजाच्या कमरेस बैलाची शेपटी लोंबताना दिसते. ती त्याच्या बळाची खूण. राजा अनवाणी आहे आणि त्याच्या मागे एक सेवक त्याचे जोडे हातात घेऊन उभा आहे. राजाच्या तुलनेत हा सेवक अगदी ठेंगणा काढलेला आहे. तो खरोखरच ठेंगणा होता असे नव्हे. मान मोठा त्याची आकृती मोठी, हा त्या कलेचा दंडकच होता.

पुढील जवळजवळ तीन हजार वर्षे हीच भाषा वाढत गेली. कपाळावर फणा काढलेली नागीण आली; ती राजाच्या शत्रूंवर आग ओकते, अशी श्रद्धा होती. एका हातात टोकाशी वळलेली मेंढपाळाची काठी आली. राजा हा प्रजेचा राखणदार आहे, असे ती सांगे. हनुवटीस दोऱ्याने बांधलेली खोटी दाढी आली. ती देवत्वाची निशाणी. इ. स. पूर्व पंधराव्या शतकात हातशेप्सुत नावाची स्त्री फॅरो झाली. तिच्या अनेक मूर्तींमध्ये तिने पुरुषी आखूड वस्त्र नेसलेले असून तीच खोटी दाढीही बांधलेली आहे! हा वेडेपणा नव्हे. ती स्त्री आहे हे सर्वांनाच ठाऊक होते. ‘मी कोण आहे हे पाहू नका, मी कोणत्या आसनावर बसले आहे ते पाहा’, असे त्या वेषाचे म्हणणे होते. राजवस्त्र हे व्यक्तीचे नसते, ते पदाचे असते, हा धडा तिच्या दाढीइतका स्पष्ट दुसऱ्या कशातही सापडणार नाही.

या भाषेला एक कठोर बाजूही होती. 1922 मध्ये तुतनखामेन या तरुण राजाची कबर उजेडात आली. तीत सापडलेल्या एका पादत्राणजोडीच्या तळव्यांवर हातपाय बांधलेल्या परक्या शत्रूंची चित्रे आहेत. राजा एकेक पाऊल टाकील तसतसा शत्रू पायाखाली तुडविला जाईल, अशी ती योजना. पायांत घालावयाच्या वस्तूतही केवढी दर्पोक्ती! त्याच कबरीत राजाचे प्रत्यक्ष कपडेही मिळाले. जवसाच्या तंतूंचे अंगरखे, लंगोट, हातमोजेसुद्धा त्यांत आहेत. चित्रांत मात्र राजे पिढ्यान्‌पिढ्या तेच प्राचीन आखूड वस्त्र नेसून उभे असलेले दिसतात. याचा अर्थ काय? चित्रातील वस्त्र हे राजा रोज काय घालीत असे याचा दाखला नव्हे. राजाविषयी लोकांनी काय मानावे, याची ती आज्ञा आहे. लाल किंवा पांढरा असा एकही खरा मुकुट आजपर्यंत कोणा संशोधकाच्या हाती लागलेला नाही. पण चित्रांनी तो पाच हजार वर्षे टिकवून धरला.

आता कोणी म्हणेल की, उंची वस्त्र म्हणजे राजा आणि साधे वस्त्र म्हणजे सेवक, हा नियम तर सर्वत्रच असणार. येथे आम्ही तुम्हांस अजिंठ्यास नेऊ इच्छितो. आपल्या शाळेतील कितीतरी घरांचे मूळ गाव खानदेशात आहे. दिवाळीच्या वा उन्हाळ्याच्या सुटीत ताप्तीच्या काठाकाठाने जाणाऱ्या गाडीतून तुम्ही जळगाव-भुसावळकडे जाता. तेथून अजिंठ्याची लेणी फार दूर नाहीत. पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात रंगविलेली तेथील चित्रे डोळे उघडे ठेवून पाहा. राजा कोण हे ओळखावयास क्षणही लागत नाही, कारण त्याच्या मस्तकी घडीव मुकुट आणि गळ्यात मोत्यांच्या लडी आहेत. पण त्याच्या अंगावर कपडा किती? कमरेस एक झिरझिरीत पट्ट्यापट्ट्यांचे वस्त्र, आणि छाती उघडी. अंगभर शिवलेले, लांब बाह्यांचे अंगरखे कोणाचे? बहुधा सेवकांचे, सैनिकांचे आणि परदेशी पाहुण्यांचे!

म्हणजे आपल्या स्नेहसंमेलनाच्या पेटीचा न्याय अजिंठ्यात नेमका उलटा झाला. तेथे शिवलेला अंगरखा सेवकाचा आणि उघडे अंग राजाचे. यावरून आमचे पहिले मत असे की, कोणत्याही कपड्यात मुळात थोरपणा किंवा हलकेपणा नसतो. एखाद्या काळचे लोक मिळून तो त्यात घालतात आणि दुसऱ्या काळचे लोक तो काढूनही घेतात. जे माणसांनी ठरविलेले आहे ते माणसांना बदलताही येते.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक राजाची कथा चितारलेली आहे. या राजास वैराग्य येते आणि राणीचे व दरबाराचे मन वळविण्याचे सारे यत्न मागे टाकून तो राजवाडा सोडून निघून जातो. अंगावर मोती असतानाच त्याचे मन मोत्यांतून निघालेले आहे, हे त्या चित्रकाराने दाखविले. मुकुटाखालचा माणूस त्याला दिसला होता. ईजिप्तच्या पाटीवर मुकुट दिसतो. अजिंठ्याच्या भिंतीवर मुकुट घातलेल्याचे मनही दिसते.

आणि मुकुट तरी किती काळ टिकावा? जुन्नरजवळ नाणेघाटात सातवाहन राजघराण्यातील व्यक्तींच्या पुरुषभर उंचीच्या मूर्ती दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेल्या होत्या. आज तेथे कोरलेली नावे आणि पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. सातकर्णी आणि नागनिका यांची नावे वाचता येतात; त्यांच्या अंगावरील वस्त्रे व अलंकार मात्र दगडासह झडून गेले.

राजवस्त्र अंगावर चढविण्याने जसे काही सांगितले जाते, तसे ते उतरवून ठेवण्यानेही सांगितले जाते. याचे उदाहरण आपल्या अगदी शेजारचे आहे. सचिनच्या दक्षिणेला असलेले नवसारी पूर्वी बडोदे संस्थानात होते. त्या संस्थानचे अधिपती सयाजीराव गायकवाड हे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातील शेतकरी कुटुंबात 1863 मध्ये जन्मले आणि 1875 मध्ये दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर आले. राजा रविवर्मा यांनी रंगविलेल्या त्यांच्या चित्रात राजवैभवाची सारी चिन्हे आहेत. परंतु 12 डिसेंबर 1911 रोजी दिल्ली दरबारात, जेथे हिंदुस्थानातील संस्थानिक रत्नांनी मढून बादशहा पंचम जॉर्ज यांस मुजरा करावयास आले होते, तेथे सयाजीराव साध्या पांढऱ्या पोशाखात, रत्नालंकार न घालता, हातात काठी घेऊन गेले. एकदाच किंचित लवून ते पाठ फिरवून परतले, असे तत्कालीन वृत्तांत सांगतात. इंग्रजी वृत्तपत्रांनी मोठा गहजब केला आणि त्यांस खुलाशाचे पत्रही द्यावे लागले. घाबरल्यामुळे शिष्टाचार चुकला, असा तो खुलासा होता. खरे कारण काहीही असो, लोकांनी त्या पांढऱ्या कपड्यांतून जे वाचावयाचे ते वाचले. याच राजाने 1893 मध्ये अमरेली भागात आणि 1906 मध्ये सर्व संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. आमच्या दृष्टीने त्यांच्या रत्नांपेक्षा ही आज्ञा अधिक तेजस्वी आहे.

येथवर आपण वस्त्र घालणाऱ्यांविषयी बोललो. आता ते विणणाऱ्यांकडे वळू. कारण त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर तेथेच आहे.

ईजिप्तच्या कबरींत केवळ राजेच आढळतात असे नाही. मेकेत्रे नावाच्या एका अधिकाऱ्याच्या, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या कबरीत लाकडी प्रतिकृतींचा एक संच 1920 मध्ये सापडला. त्यांत विणकामाची एक पूर्ण कार्यशाळा आहे. कोणी स्त्री सूत काततेय, कोणी जमिनीवर मांडलेल्या मागाशी बसली आहे. या बाहुल्या वीतभर उंचीच्या आहेत, पण त्या नसत्या तर राजाचे वस्त्र कोठून आले असते? पुढे तिसऱ्या रामसेस राजाच्या एकोणतिसाव्या वर्षी, इ. स. पूर्व 1157 च्या सुमारास, राजांच्या कबरी कोरणाऱ्या आणि रंगविणाऱ्या कारागिरांचे वेतनाचे धान्य थकले. तेव्हा ते हत्यारे खाली ठेवून कामावरून उठले आणि एका मंदिराजवळ जाऊन बसले. आपण भुकेले व तहानलेले आहोत, आपणांस वस्त्र नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही, अशी त्यांची तक्रार त्या काळच्या एका लेखनिकाने नोंदून ठेवली आहे. तो कागद आज इटलीतील तुरिन येथे जपून ठेवलेला आहे. ज्ञात इतिहासातील हा पहिला संप म्हणून ओळखला जातो. विचार करा! भिंतीवर राजाच्या वस्त्राची एकेक चुणी ज्यांनी रेखली, त्यांच्याच अंगावर धड वस्त्र नव्हते.

ही गोष्ट वाचताना आम्हांस आपल्याच गल्ल्या आठवल्या. सुरतेची जर शतकानुशतके प्रसिद्ध आहे. चांदीची तार ओढून ओढून केसासारखी बारीक करावयाची, ती चपटी करून तिचा बादला करावयाचा, रेशमी धाग्यावर तो गुंडाळून कलाबतू करावयाचे आणि मग त्यावर सोन्याचे पाणी चढवावयाचे. खऱ्या जरीची ही रीत. कित्येक राजांच्या पोशाखांवर जे सोने झळकत असे, त्यामागे अशा कारागिरांचे डोळे आणि बोटे झिजलेली असत. आज आपल्या सचिनच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रमाग रात्रंदिवस खडखडत असतात. तुमच्यापैकी कोणाचे वडील पाळीवर जातात, तर कोणाची आई घरकाम उरकून साड्यांना लेस लावते, टिकल्या चिकटविते, सुटे धागे कापते. ती साडी देशाच्या कोणत्या तरी कोपऱ्यात कोणाच्या तरी लग्नात मिरविली जाते. फोटोत नवरी दिसते. टिकल्या चिकटविणारी बोटे दिसत नाहीत.

आमची मायबोली कोंकणी. आमच्या घरी साडीला ‘कापड’ असेच म्हणतात. लहानपणी आईचे कापड वाळत घालताना ते कोणी विणले असेल, हा विचार आमच्या मनास कधी शिवला नाही, हे आज लाजेने कबूल करावेसे वाटते. सुरत जिल्ह्यात येऊन तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांना शिकवू लागल्यावरच आम्हांस कापडाच्या मागे माणूस दिसू लागला.

यावर काही पालक म्हणतील, “सर, पोरांनी वर्षातून एक दिवस राजा व्हावे, चमचमते कपडे घालावे, यात वाईट ते काय?” काहीच वाईट नाही. किंबहुना तो आनंद मुलांना मिळालाच पाहिजे. ज्या घरात नवे कपडे दिवाळीलाच येतात, त्या घरच्या मुलाने रंगमंचावर जरीचा अंगरखा घालून पाहिला तर त्याची मान ताठ होते, हेही आम्ही पाहिले आहे. आमचा विरोध राजाच्या पोशाखास नाही. त्या पोशाखाकडे पाहून दुसऱ्याला हलके लेखावयास आपण नकळत शिकतो, त्या शिकण्यास आहे. नार्मरच्या शिल्पकाराने सेवकाला ठेंगणे कोरले. पाच हजार वर्षांनंतर आपणही त्याच मापाने माणसे मोजावी काय? शाळेत सर्वांना एकच गणवेष असतो तो याचसाठी. गणवेष म्हणजे राजवस्त्राचे अगदी उलटे टोक होय. राजवस्त्र म्हणते, ‘मी तुमच्यासारखा नाही’. गणवेष म्हणतो, ‘आम्ही सारे सारखे आहोत’.

म्हणून पुढील संमेलनासाठी आमच्या दोन सूचना आहेत. पहिली, नाटकातील भूमिका चिठ्ठ्या टाकून वाटाव्यात आणि एका प्रयोगात जो राजा होईल त्याने दुसऱ्या प्रयोगात सेवक व्हावे. हातशेप्सुतच्या दाढीचा धडा त्यामुळे प्रत्येकास अनुभवाने कळेल. दुसरी, पडदा पडल्यावर नटांची नावे वाचतो त्याचप्रमाणे पोशाख शिवणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या आणि इस्त्री करणाऱ्या आयाबहिणींची व बाबामंडळींची नावेही वाचून दाखवावीत. यास एक मिनिट लागेल आणि खर्च काहीच येणार नाही.

आता त्या विद्यार्थ्यास आमचे उशिरा दिलेले उत्तर. बाळ, तुझे वडील बारा तास जे विणतात, त्यावाचून कोणत्याही राजाला राजासारखे उभे राहता आले नसते. सेवकाची बंडी घालून तू रंगमंचावर आलास तेव्हा संवाद एकच होता, पण तो तू चोख म्हटलास. पहिल्या रांगेच्या मागे, पाळी संपवून थेट आलेले एक गृहस्थ उभे राहून टाळ्या वाजवीत होते. त्यांच्या सदऱ्याच्या खांद्यावर सुताचे दोन-चार तंतू चिकटलेले होते. ते झटकण्याचे त्यांच्या ध्यानातही आले नव्हते. ते तुझे वडील होते, हे आम्हांस मागाहून कळले.